नऊ नंबर, बिनमीठ

४ फेब्रुवारी, रविवार

आज ग्रेव्ही करपली आणि मला कळलं नाही.

सव्वीस वर्षं मी या वृद्धनिवासाचं स्वयंपाकघर सांभाळतोय. बेचाळीस माणसं. दर बुधवारी आणि रविवारी भाजलेली कोंबडी, आणि तिच्यावर ट्रेमध्ये उतरलेल्या रसाची ग्रेव्ही. कोंबडी काय, ओव्हन भाजतो. ग्रेव्ही माझी. रविवारी भेटायला येणारे मुलगे-सुना बरोबर साडेबाराला उगवतात, ते काही नुसते आईबापाच्या मायेपोटी नाही.

आज ताटं परत आली तर प्रत्येक ताटाच्या कडेला तपकिरी तळं. बेचाळीस तळी. माझ्या हाताखालच्या मावशी भाज्या चिरतात, त्या ताटं खरवडता खरवडता म्हणाल्या, "दादा, आज जरा जास्तच लागली का हो खाली?"

मी म्हटलं, "ओव्हन भडकतोय."

ओव्हनचा काही दोष नाही. चरबीत मैदा परतत असताना मी ट्रेवर वाकून उभा होतो. नाक त्या वाफेत होतं. वाफ नुसती गरम होती.

गेल्या आठवड्यात ताप आला होता. ताप गेला. सोबत काय घेऊन गेला, ते आज समजलं.

५ फेब्रुवारी, सोमवार

सुट्टी. आमची ही बाजारात गेल्यावर घरातली कपाटं उघडून एकेक वस्तू हुंगत बसलो. व्हिनेगर, लसूण, कॉफी, पावडरचा डबा, बुटाचं पॉलिश. व्हिनेगरने नाकात झिणझिण्या आल्या, बस. बाकी सगळं पाणी.

ही परत आली तेव्हा माझ्या हातात बुटाचं पॉलिश होतं. "कुठे निघालात का?" म्हणाली. मी नाही म्हटलं आणि बूट चकचकीत केले. आता तिला शंका यायला नको.

मॅनेजर मॅडमना सांगायची सोय नाही. गेलं वर्षभर त्या पाकिटातल्या पावडरचं नाव काढताहेत. गरम पाणी ओता की ग्रेव्ही तयार, स्वयंपाकीही कशाला हवा. मी चोपन्न वर्षांचा आहे. दुसरं काही मला येत नाही.

मावशींना सांगावं तर ती बातमी दुपारपर्यंत धोब्याकडे पोचते. म्हणून ही वही.

७ फेब्रुवारी, बुधवार

करपण्याच्या भीतीने मैदा लवकर उतरवला. एरवी मी नाकावर काम करतो. चरबीत मैदा पडला की आधी ओल्या भिंतीसारखा वास येतो, मग बिस्किटासारखा, मग भाजल्या दाण्यांसारखा. दाण्यांचा आला की लगेच कोंबडीच्या माना-पंखांचा गरम रस्सा ओतायचा आणि तळाला धरलेली खरवड लाकडी उलथन्याने सोडवायची. पुढे दहा सेकंद थांबलं की संपलं. आज डोळ्यांवर काम केलं. ग्रेव्ही झाली चिखलाच्या रंगाची.

तेवढ्यात दारात नऊ नंबरच्या बाई. एक्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत आलेल्या. पंचेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली त्यांनी. इथे सगळे त्यांना शुद्धलेखनबाई म्हणतात. जेवणाच्या फळ्यावर मी 'ग्रेव्हि' लिहिलं होतं. ते सांगायला त्या पूर्ण व्हरांडा ओलांडून आल्या होत्या.

"ग्रेव्ही. व्ही दीर्घ. सतरा वर्षं ऱ्हस्व खातोय आम्ही."

मी माफी मागितली. त्यांनी पळीकडे बोट केलं. "बघू." आणि मी काही बोलायच्या आत पळीच्या टोकावरचं चाटून मोकळ्या झाल्या.

"कच्ची आहे. मैदा ओरडतोय. आणि मीठ, अरे बाबा! मीठ तीनदा छापलंयस."

मला काहीच चव लागत नव्हती म्हणून मी मीठ टाकत राहिलो होतो. त्यांनी सांगितलं तसं पुन्हा मंद आचेवर धरली, बिनमिठाचा रस्सा वाढवला, दोन थेंब व्हिनेगर. त्या चाखत गेल्या, मी दुरुस्त करत गेलो. ताटं पुसून परत आली.

आता खरी गोष्ट लिहितो. ओट्याच्या वर पथ्याचा तक्ता आहे, लाल अक्षरात, माझ्याच हाताचा. खोली ९ : बिनमीठ. पाणी मोजून. बाईंचं हृदय अशक्त आहे. त्या चाखत होत्या तेव्हा तक्ता त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर होता. मी तो वाचला. दोनदा वाचला.

११ फेब्रुवारी, रविवार

मीच बोलावलं. सकाळी नाश्त्याचं ताट द्यायला गेलो आणि म्हटलं, "बाई, फळ्यावर आज काही चुकलंय का बघायला येता का?" फळ्यावर काही चुकलं नव्हतं. त्याही फळ्याकडे न बघता थेट ओट्यापाशी आल्या.

मावशी मागच्या बाजूला बटाटे सोलत होत्या. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुला वास येत नाही." विचारलं नाही, सांगितलं.

"सर्दी आहे जरा."

"सर्दीवाला माणूस नाक ओढतो. तू ओढत नाहीस. मी आयुष्यभर गाळलेली अक्षरं शोधली आहेत. नसलेलं मला आधी दिसतं."

त्या म्हणाल्या, "कोणाला सांगणार नाही. मला एक स्टूल दे."

ठरलं असं की फक्त एक चमचा. चाखायचा, जमलं तर थुंकायचा. त्यांनी थुंकला नाही. मीही आग्रह धरला नाही. एका चमच्याने काय होतं, असं मी दिवसभर स्वतःला समजावलं. ज्याला सारखं समजवावं लागतं ते खरं नसतं, एवढं मला कळतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आजच्यासारखी ग्रेव्ही मी दहा वर्षांत केली नसेल. ट्रेमधली चरबी वेगळी काढली, पळीभर चरबीला पळीभर मैदा, आणि बाई स्टुलावर डोळे मिटून. "थांब... थांब... हं, आता आलं दाणे भाजल्यासारखं. ओत!" रस्सा ओतला, खरवड सुटली, गाळून घेतली. त्यांनी चाखली. "मिरी आहे तिथे राहू दे. मीठ कणभर. बस, पूर्णविराम. आता ढवळू नकोस."

मॅनेजर मॅडम स्वतः आत आल्या. पाकिटाचा विषय तूर्त बाजूला ठेवते म्हणाल्या. मी मान डोलावली आणि सगळी शाबासकी खिशात घातली. बाई कोपऱ्यात बसून दुसरीकडे बघत होत्या.

चमच्याची आता वाटी झाली आहे. लहान वाटी, लोण्याची असते तेवढी. "एका चमच्यात वाक्य संपत नाही," म्हणाल्या. पावाचा तुकडा बुडवून सावकाश खातात. त्या खाताना मी भांडी घासायला पाठ फिरवतो.

२८ फेब्रुवारी, बुधवार

बाईंना स्वयंपाकघर मानवलंय. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी उठायच्या, मागच्या तीन पायऱ्या चढून बाथरूमला जायच्या, दमून परत यायच्या. आता दोन-दोन तास हलत नाहीत. बैठक पक्की झाली आहे. मी म्हटलंसुद्धा तसं. त्या म्हणाल्या, "कामाच्या वेळेत मी कधीच उठत नसे."

चपला घट्ट होतात म्हणून आज नुसते मोजे घालून आल्या. स्टूल उंच असल्यामुळे पाय लोंबून सुजतात बहुतेक. बुटका स्टूल आणून दिला.

३ मार्च, रविवार

आमच्या हिने नवीन खूळ काढलंय. दुधाच्या प्रत्येक पिशवीवर पेनाने तारीख लिहिते. उरलेल्या भाजीच्या डब्यावरसुद्धा. शिवाय मी शेगडीपाशी गेलो की मागोमाग येऊन बटणं बघून जाते. वय झालं की माणूस शिस्तीचा होतो म्हणतात. आपल्याला काय, बरंच आहे. तिला अजून काही कळलेलं नाही, हे महत्त्वाचं.

आता बाई मंगळवारी आणि शुक्रवारी सूप चाखायलाही येतात. मी बोलावलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही.

१० मार्च, रविवार

बाई आल्या तेव्हा दारातच थांबल्या. दाराच्या चौकटीला धरून श्वास घेत होत्या. मी म्हटलं, "आज राहू द्या, आराम करा." आतून मात्र मला भीती होती ती ग्रेव्हीची. पस्तीस पाहुणे आले होते. आराम करा हे मी अशा आवाजात म्हटलं की त्यांनी ऐकू नये.

त्यांनी ऐकलं नाही. बसल्या, चाखलं, वाटी संपवली. ग्रेव्ही उत्तम झाली.

१२ मार्च, मंगळवार

पहाटे बाईंना दवाखान्यात नेलं. अंगात पाणी साचलंय. आडवं झालं की श्वास घेता येत नाही.

दहा वाजता मॅनेजर मॅडम आल्या. हातात वही. "डॉक्टर विचारताहेत, बाईंच्या पोटात मीठ कुठून गेलं. तुमच्याकडून तर नाही ना?"

मी म्हटलं, "नऊ नंबरचं ताट मी स्वतः वेगळं करतो. त्यात मिठाचा कण नसतो."

हे खरं आहे. शब्द न् शब्द खरा आहे. मॅडमनी लिहून घेतला. तक्त्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याबद्दल मला शंका नव्हतीच."

त्या गेल्यावर स्टूल उचलून कोठीत ठेवला. ओट्यापाशी तो दिसू नये असं वाटलं. कोणाला दिसू नये, ते मला सांगता येणार नाही.

१४ मार्च, गुरुवार

मॅडमना मीठ सापडलं. बाईंचा मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो, दर रविवारी येतो. त्याने आणलेला खाऱ्या बिस्किटांचा अर्धा पुडा बाईंच्या उशीखाली निघाला. मॅडमनी त्याला ऑफिसात बसवून सुनावलं. इथून पुढे बाहेरून खायला आणायचं नाही, आणि दवाखान्याच्या कागदावरही तसंच गेलं आहे.

मी चहा घेऊन आत गेलो होतो. पन्नाशीचा माणूस, मांडीवर हात ठेवून शाळेतल्या पोरासारखा बसलेला. म्हणाला, "ती मागायची म्हणून आणायचो. एकेकच खाते म्हणायची."

मी कप ठेवला. साखर किती, असं विचारलं. तोंडातून तेवढंच बाहेर पडलं.

१५ मार्च, शुक्रवार

बाईंची तब्येत तशीच. बुधवारी ग्रेव्ही केली नव्हती, ओव्हन बिघडलाय म्हणून सांगितलं. म्हणजे दुसरं खोटं. ओव्हनने माझ्यासाठी आता बरंच सोसलंय.

जेवताना हिने विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "मीठ दे." दिलं नाही. म्हणाली, "आधीच जास्त आहे त्यात." आणि माझ्याकडे बघत राहिली.

१६ मार्च, शनिवार

हिला सांगितलं. वास गेल्याचं, बाईंचं, बिस्किटांचं, सगळं.

वासाचं सांगायला लागलो तर म्हणाली, "ते मला महिन्याभरापासून माहीत आहे. दूध उतू जाऊन करपलं होतं आणि तुम्ही त्या भांड्याशेजारी उभे राहून पेपर वाचत होतात. मी वाट बघत होते, कधी सांगताय."

"मग विचारायचं ना."

"विचारलं असतं तर ओव्हन भडकतो म्हणाला असतात."

दुधाच्या पिशव्यांवर तारखा का होत्या ते मला त्या क्षणी कळलं. मान खाली घातली. पण ती बाईंविषयी काही बोलेना, आणि मला वाटत होतं की काहीतरी बोलावं. एवढ्याने काय होतंय, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, असं काहीतरी. बायका म्हणतात तसं.

शेवटी म्हणाली, "तो मुलगा झोपत असेल का हो?"

१७ मार्च, रविवार

आज मी बाईंच्या मुलाकडे जायच्या आधी तोच आला. आईचे कपडे न्यायला आला होता, तिथून स्वयंपाकघरात आला. मावशी कोठीत होत्या.

"तुमचे आभार मानायचे होते," तो म्हणाला. "मॅडम म्हणाल्या, आईचं ताट तुम्ही इतकी वर्षं स्वतःच्या हाताने वेगळं करता. आणि मी इकडून... तुमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलं."

मी हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिलो.

"बिस्किटांनी काही झालेलं नाही."

"तुम्ही समजूत घालताय माझी."

"नाही घालत. मीठ मी दिलं."

त्याला ते ऐकू आलं पण पोचलं नाही. म्हणून पुन्हा सांगितलं. माझं नाक गेलंय, ग्रेव्ही जमेना, तुमच्या आईला चाखायला बसवलं. आधी चमचा होता, मग वाटी झाली. बुधवार, रविवार, मग मंगळवार-शुक्रवारी सूपसुद्धा.

"किती दिवस?"

"महिनाभर."

"आणि तो तक्ता?" त्याने वर बोट केलं.

"मीच लिहिलाय."

त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. चष्म्याच्या दुकानातला माणूस, गिऱ्हाइकांना असं करू नका म्हणून सांगत असेल. "तीन रात्री मी डोळा मिटलेला नाही," म्हणाला.

"हो. मला वाटलंच."

"वाटलंच?" त्याचा आवाज एकदम चढला. "गुरुवारी तुम्ही मला चहा आणून दिला होता. साखर विचारलीत मला! तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने कपड्यांची पिशवी उचलली आणि गेला. मावशी कोठीच्या दारात उभ्या होत्या, हातात कांदे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कधी नव्हे ते गप्प होत्या.

तसाच ऑफिसात गेलो. मॅडमना सगळं सांगितलं.

१८ मार्च, सोमवार

सुट्टी असूनही मॅडमनी बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. मी सांगितलेलं पुन्हा लिहून घेतलं, यावेळी माझी सही घेतली, दवाखान्यात फोन केला आणि बाईंच्या मुलाला माझ्यासमोर फोन लावून माफी मागितली. मग म्हणाल्या, "वास न येणारा स्वयंपाकी मी चालवून घेतला असता. मला विचारलं असतंत तर. खोटं बोलणारा कसा चालवून घेऊ?"

आज निकाल असा आहे : काढत नाहीत, पण यापुढे प्रत्येक पातेलं मावशी हुंगणार, मावशी चाखणार आणि मावशी हो म्हणतील तेव्हाच ते बाहेर जाणार. मावशींना हे सांगितलं तर त्यांनी पदर खोचला. कार्यालयाच्या उद्घाटनाला बोलावल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

२० मार्च, बुधवार

आज नर्सला बाईंच्या जुन्या चष्म्याच्या डबीत दहा गोळ्या सापडल्या. अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या, सकाळी घ्यायच्या. दवाखान्यात विचारल्यावर बाईंनी कबूल केलं. ती गोळी घेतली की दर पंधरा मिनिटांनी उठावं लागतं, आणि स्वयंपाकघरामागच्या त्या तीन पायऱ्या. म्हणून कामाच्या दिवशी गोळी जिभेखाली धरायच्या आणि नर्स वळली की डबीत. डॉक्टर म्हणाले, मिठाइतकाच, किंबहुना जास्तच, हा त्याचा परिणाम.

हे ऐकल्यावर पहिल्यांदा मला काय वाटलं ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठेच बोलणार नाही. मला हलकं वाटलं. माझं मीठ नव्हे, त्यांच्याच गोळ्या! भाजीची पाटी उचलून मी चक्क गुणगुणत कोठीत गेलो.

तिथे तो बुटका स्टूल होता.

दोन-दोन तास हलत नाहीत, बैठक पक्की झाली. मीच म्हटलं होतं, हसत. त्या गोळ्या कोणासाठी चुकवल्या त्यांनी? स्टुलावर टेकलो आणि बराच वेळ उठलो नाही. मावशींनी हाक मारली तेव्हा उठलो.

२६ मार्च, मंगळवार

बाई परत आल्या. चाकाच्या खुर्चीतून. निम्म्या झाल्यात. व्हरांड्यात सगळे टाळ्या वाजवत होते. मी स्वयंपाकघराच्या जाळीतून पाहिलं.

२८ मार्च, गुरुवार

धीर करून नऊ नंबरमध्ये गेलो. ताट मावशी नेतात, मी रिकाम्या हाताने गेलो. पलंगाजवळ उभा राहून म्हटलं, "बाई, माझं चुकलं. माझ्या स्वार्थापायी मी तुमच्या जिवाशी खेळलो."

त्या छताकडे बघत होत्या. "सांगितलंस कशाला?"

"म्हणजे?"

"माझ्या मुलाला आणि त्या मॅनेजरला. तुला कोणी सांगितलं होतं सांगायला?"

"तुमचा मुलगा स्वतःला दोष देत होता."

"त्याचं मी बघून घेतलं असतं. त्याला दोन वाक्यांत गप्प करते मी." मग माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "सतरा वर्षं मी या खोलीत आहे. सतरा वर्षांत कोणी मला काहीही विचारलं नाही. झोप लागली का, शी झाली का, एवढंच. त्या स्टुलावर बसले की मी कामावर असायचे. तू म्हणायचास, बाई, बघा. आणि मी बघायचे. जीव माझा होता. त्याचं काय करायचं ते मी ठरवलं होतं. तू मोकळा झालास आणि माझी नोकरी गेली."

मी म्हटलं, "तुम्ही मेला असता, बाई."

"मग मेले असते. जा आता."

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, त्या रागात बोलल्या. पण त्या रागात बोलणाऱ्यांपैकी नाहीत. एकेक शब्द तपासून बोलतात.

दिल्याचं पाप एक, आणि आता काढून घेतल्याचं दुसरं. सांगितलं नसतं तर तो मुलगा जळत राहिला असता. हे मी कसंही मांडलं तरी हातावर काहीतरी उरतंच.

७ एप्रिल, रविवार

बाई जेवत नाहीत. बिनमिठाचं ताट अर्धं परत येतं. मी त्यांच्यासाठी बिनमिठाच्या कितीतरी तऱ्हा केल्या. लिंबू, भाजलेला लसूण, मिरी. झाकण उघडून बघतात आणि बंद करतात, असं मावशी सांगतात. मुलगा रविवारी येतो, माझ्याशी बोलत नाही. आज व्हरांड्यात समोरासमोर आलो तर त्याने मान हलवली. तेवढंच.

मावशींचं नाक चांगलं आहे, पण त्यांना सगळंच छान वाटतं.

१४ एप्रिल, रविवार

आज मावशी सर्दीने बेजार. नाक चोंदलेलं, डोळे लाल. ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, मला आज खरंच काही कळत नाही हो." ट्रेमध्ये दहा कोंबड्यांचा रस उतरला होता. पाहुणे यायला तास होता.

मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, "बाईंना नुसता वास द्यायला परवानगी द्या. जिभेला लावणार नाही. वासात मीठ नसतं."

मॅडमनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर हसले असावेत, कारण मॅडमनाही हसू आलं. "मी सोबत नर्सला पाठवते," म्हणाल्या. "तुमच्यावर सोडणार नाही." योग्यच आहे.

मैदा परतला, रस्सा ओतला, खरवड सोडवली. मीठ टाकायच्या आधीच लहान पातेल्यात काढून, झाकण ठेवून गाड्यावरून नऊ नंबरला नेलं. मागे नर्स. बाई उशांना टेकून बसल्या होत्या, मुलगा खिडकीशी.

"हे काय आणलंस?"

"वास बघायचाय, बाई."

"मला दया नको आहे."

"दया नाही. मावशींना सर्दी झालीये. माझं तर तुम्हाला माहीतच आहे. पाऊण तासात पन्नास माणसं जेवायला बसतील आणि हे कच्चं आहे की करपलंय, मला खरोखर कळत नाही."

बाईंनी बोटाने खूण केली. मी झाकण काढून पातेलं त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. एवढा लांब श्वास त्यांनी परत आल्यापासून घेतला नसेल.

"करपलीये."

"सगळी?"

"सगळी. ओतून दे."

मी मुलाकडे पाहिलं. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं, खांदे हलत होते. खोकला दाबत असावा.

स्वयंपाकघरात आल्यावर एक बोट बुडवून चाटलं. कडू चव कळायला नाक लागत नाही, तेवढं अजून माझ्यापाशी शिल्लक आहे. कडू लागली नाही. मावशी पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "रंग तर किती छान आलाय दादा!" मी क्षणभर थांबलो. मग पातेलं आणि मागोमाग ट्रे, सगळं मोरीत ओतलं. वरून गरम पाणी सोडलं.

चरबी थोडी बाजूला काढून ठेवली होती, कोंबड्यांच्या माना-पंखांचा रस्साही होता. पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा नेली तेव्हा बाई पेपर वाचत होत्या. रकाना संपेपर्यंत त्यांनी मला दारात उभं ठेवलं. मी उभा राहिलो. पातेलं जड होतं. मग हुंगून म्हणाल्या, "ही चालेल."

जेवण पंचवीस मिनिटं उशिरा लागलं. मॅडमनी विचारलं, उशीर का. मी म्हटलं, "बाईंनी पहिली नापास केली."

दुपारी नऊ नंबरचं ताट आणायला मी स्वतः गेलो. रिकामं होतं. पावाचा चुरासुद्धा नव्हता. मुलगा ताट हातात देताना म्हणाला, "सगळं खाल्लं तिने." त्याच्या तोंडून महिन्याभरात ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी ताट घेतलं, आणि काय बोलावं ते न कळून, "साखर..." असं काहीतरी पुटपुटलो. तोही चपापला.

मी दारापर्यंत गेल्यावर बाई मागून म्हणाल्या, "बुधवारी किती वाजता आणणार?"

"साडेअकराला."

"अकराला आण. साडेअकराला माझी झोपायची वेळ असते."

त्या साडेअकराला कधीही झोपत नाहीत, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "बरं, अकराला."

म्हणजे ओव्हन आठलाच लावावा लागेल.